धनगरांचा वाडा: म्हशींचा की मेंढ्यांचा?

पाटणच्या एसटीत कुणी म्हणालं, "वाड्यावर निघालोय," तर तो डोंगरमाथ्यावरच्या आपल्या घरी चाललेला असतो. आटपाडीत हेच ऐकलं, तर "वाडा सध्या कुठं उतरलाय?" असं विचारावं लागतं. पहिला वाडा गवळी धनगरांचा, दुसरा मेंढपाळ धनगरांचा, म्हणजे कळपाबरोबर फिरणारा तळ. दोन्हीकडचे लोक धनगरच, म्हणून बाहेरचा माणूस हमखास गल्लत करतो.

हा फरक पावसानं पाडला. नवजा-महाबळेश्वरकडं वर्षाला ५ हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस. त्या ओलीत मेंढीचे खूर सडतात, म्हैस मात्र तरते. म्हणून गवळी धनगर चार-सहा घरांच्या वाड्यावर कायमचे राहिले. म्हशी राखायच्या, उतारावर नाचणी-वरी पेरायची, लोणी-तूप खाली नेऊन विकायचं. माण-आटपाडीत पाऊस जेमतेम ५०० मिलिमीटर. तिथं मेंढी जगते, पण चारा संपतो. मग दिवाळीनंतर संसार घोड्यावर लादून कृष्णाकाठी नाहीतर कोकणात उतरायचं, शेतकऱ्याच्या रानात खतासाठी मेंढ्या बसवायच्या आणि पावसाच्या तोंडावर परतायचं.

आता दोघांचंही बदललंय, पण वेगवेगळ्या कारणांनी. मेंढपाळाच्या लोकरीला भाव उरला नाही, घोंगडीचे माग थंडावले. कमाई मटणासाठी विकल्या जाणाऱ्या कोकरांवर आली. जत तालुक्यातल्या माडग्याळच्या नावानं ओळखल्या जाणाऱ्या उंच मेंढीला मागणी आहे ती त्यामुळंच. टेंभू उपसा सिंचन योजनेचं पाणी आलं तसे माळ फुटून डाळिंबं लागली. लेंडीखताला गिऱ्हाईक मिळालं, चरायची जागा मात्र आटली.

गवळी धनगरांची जागा आधी कोयनेच्या जलाशयानं घेतली. मग १९८५ ची कोयना आणि चांदोली अभयारण्यं आली, २०१० मध्ये सह्याद्री व्याघ्र प्रकल्प आला, आणि चराई आवळत गेली. त्यात आणखी एक अडचण, जी खाली राहणाऱ्यांच्या सहसा ध्यानात येत नाही. लोणी कढवलं की तूप महिनोन् महिने टिकतं, डोक्यावरून केव्हाही नेता येतं. दूध दुपारपर्यंत नासतं. बाजार लोण्यावरून दुधावर गेला आणि रस्ता नसलेले वाडे मागं पडले. तिथली पोरं मुंबई-पुण्याला कामाला गेली.

सरकारी कागदावर मात्र दोघंही एकाच रकान्यात, भटक्या जमाती (क). २०१७ च्या महामेष योजनेत २० मेंढ्या आणि १ नर असा गट अनुदानावर मिळतो. माणमध्ये त्यानं एखादं घर उभं राहील. कोयनेच्या वाड्यावर तोच कळप पहिला पावसाळाही काढणार नाही. तिथं आधी रस्ता हवा, डेअरीची गाडी दारापर्यंत येईल असा.