गफलत आणि मुहासबा: बसऱ्यापासून तूसपर्यंत

नमाज चुकत नाही, रोजे पूर्ण होतात, जकात, म्हणजे सक्तीचे दानही निघते, तरी मन कोरडे राहते. ही गफलत, म्हणजे मनाची बेसावधी, इस्लामच्या अगदी सुरुवातीपासून चिंतेचा विषय होती. कुरआनच्या ५७व्या सूरेतील (अध्यायातील) १६वी आयत (वचन) थेट ईमानवाल्यांनाच (श्रद्धावानांनाच) विचारते की, अल्लाहच्या स्मरणाने तुमची अंतःकरणे नमण्याची वेळ अजून आली नाही का? पूर्वी ज्यांना ग्रंथ मिळाला त्यांच्यावरून बराच काळ लोटला आणि त्यांची मने कठोर झाली, असा इशाराही तिथेच आहे.

पुढच्या पिढ्यांत हा इशारा खरा ठरू लागला. इराकमधले, लष्करी छावणी म्हणून वसलेले बसरा शहर विजयांच्या संपत्तीने भरभराटीला आले. तिथे हसन बसरी (६४२–७२८) मृत्यू आणि कयामत यांची आठवण देत राहिले. त्यांचा भर भयावर होता. बसऱ्यातच जन्मलेल्या आणि ८५७मध्ये वारलेल्या हारिस मुहासिबींनी मात्र रोख आत वळवला. दिखावा, गर्व, स्वतःची फसवणूक हे दोष उपासनेच्या आडून कसे वाढतात, ते त्यांनी बारकाईने मांडले. रोज स्वतःचा हिशेब घेणे, म्हणजे मुहासबा, यावरूनच त्यांना मुहासिबी म्हणू लागले.

या विचाराला सर्वांत भक्कम रूप दिले ते धर्मपंडित अबू हामिद गझालींनी. १०९१पासून ते बगदादच्या निजामिया मदरशात शिकवत होते आणि त्यांची कीर्ती मोठी होती. १०९५मध्ये त्यांची वाचाच बसली, घास गिळवेना. आपण शिकवतो ते अल्लाहसाठी नसून नावलौकिकासाठी आहे, या जाणिवेने त्यांना आधीच पोखरले होते. पद सोडून ते दमास्कस, जेरुसलेम आणि मक्केला गेले.

‘इह्या उलूम अद्-दीन’ या त्यांच्या चाळीस प्रकरणांच्या ग्रंथात एक अख्खे प्रकरण आत्मवंचनेवर आहे. आलिम (धर्मपंडित), उपासक, सूफी, धनिक अशा कोणालाच त्यात सूट नाही. शेजारी उपाशी असताना पुन्हा पुन्हा हजला जाणारा श्रीमंतही त्यात आहे. मला हे प्रकरण ग्रंथातले सर्वांत धाडसी वाटते, कारण ते धार्मिक माणसालाच आरशासमोर उभे करते.

उपायही त्यांनी व्यवहाराच्या भाषेत दिला. पहाटेच्या नमाजनंतर थोडा वेळ बसावे आणि नफ्सशी, म्हणजे आपल्याच स्वार्थी मनाशी, भागीदारासारखा करार करावा: आयुष्य हेच भांडवल, आजचा दिवस वाया जाऊ द्यायचा नाही. दिवसभर त्याच्यावर नजर ठेवावी, ती मुराकबा. रात्री जमाखर्च तपासावा. खोट आली, तर नफ्सला दंड करावा, जादा इबादतीला जुंपावे आणि खडसावावे.

११०६मध्ये गझाली निशापूरला पुन्हा शिकवू लागले. पूर्वी मान मिळवून देणारी विद्या शिकवली, आता मान सोडायला लावणारी शिकवतो, असे त्यांनी लिहून ठेवले आहे. पुढे ते आपल्या तूस गावी परतले आणि ११११मध्ये तिथेच वारले. निशापूर आणि तूस ही दोन्ही ठिकाणे आजच्या इराणमध्ये आहेत.