पिकअपचा हेल्पर पाटा: सीमाभागातील पार्श्वभूमी

बेळगाव, खानापूर, निपाणी पट्ट्यात हेल्पर पाटा, म्हणजे वजन पेलायला मागच्या पाट्यांच्या (लीफ स्प्रिंगच्या) जोडीला बसवलेला जादा पाटा, नवा नाही. ट्रकच्या मागच्या पाट्यांवर तो कंपनीकडूनच बसून येत असे. छोट्या गाड्यांवर तो चढला 2005 नंतर. त्याच वर्षी छोटा हत्ती (टाटा एस) बाजारात आला आणि नोव्हेंबरमध्ये सर्वोच्च न्यायालयाने बजावले, की जादा वजनाची गाडी नुसता दंड घेऊन पुढे सोडायची नाही, जादा माल जागीच उतरवायचा. पुढे गावोगावची भाजी, दूध, विटा पिकअपमध्ये दिसू लागल्या. भाजलेली वीट तीन किलोची धरली तरी पाचशे विटांत दीड टन होतो. कागदावर सव्वा टनाची असलेली गाडी मागून बसते आणि मालक हेल्पर बसवायला गॅरेज गाठतो.

1 जुलै 2017 ला जीएसटी आला, विक्रीकराचे नाके उठले. वजनाची तपासणी मात्र राहिली, आणि खरा वाद तिथे आहे. मोटार वाहन कायद्याचे कलम 52 म्हणते, आरसीवरचा (नोंदणी प्रमाणपत्रावरचा) तपशील कंपनीच्या मूळ तपशिलापासून हटेल असा बदल गाडीत करू नये. गॅरेजवाल्यांचे म्हणणे, आरसीवर पाटे किती हे लिहिलेलेच नसते, मग तपशील बदलला कुठे? तपासणारे म्हणतात, रचना बदलली की फेरफार झाला. जानेवारी 2019 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने मूळ तपशिलाबाहेरच्या बदलांना नकार दिला. त्याच वर्षी झालेल्या दुरुस्तीने फेरफाराला प्रत्येकी 5,000 रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद आली. जादा वजनाचा दंड 2,000 वरून थेट 20,000 वर गेला, शिवाय प्रत्येक जादा टनाला 2,000. कायदा केंद्राचा असल्याने गाडी बेळगावची केए-22 असो की कोल्हापूरची एमएच-09, कलम तेच. तरीही एक हेल्पर म्हणजे फेरफार का, यावर एकमत नाही. माझ्या मते सगळे लक्ष पाट्यावर खिळल्याने वजनाचा मुद्दा मागे पडला.

बसवण्यातही फरक आहे. हेल्पर मूळ पाट्यांच्या वर, लांब यू-बोल्टने आवळतात. त्याची टोके आणि चासीचे ठोकळे यांत फट ठेवतात, म्हणजे गाडी रिकामी असताना तो काम करत नाही, वजन पडल्यावरच टेकतो. काही जण मात्र मूळ गठ्ठ्यातच जाड पाटा घालून घेतात. मग रिकामी गाडी उडते, पावसात मागची चाके पकड सोडतात.

याहून गंभीर गोष्ट ब्रेकची. बऱ्याच पिकअपना मागच्या ब्रेकचा दाब वजनानुसार कमी-जास्त करणारा व्हॉल्व्ह असतो. त्याची दांडी अ‍ॅक्सलला जोडलेली असते. गाडी जेवढी बसेल तेवढा मागचा दाब वाढतो. हेल्परने गाडी उचलून धरली की व्हॉल्व्हला ती हलकीच वाटते. भाजी भरून चोर्ला घाटातून गोव्याकडे उतरताना सगळा भार पुढच्या ब्रेकवर येतो आणि ते तापतात. अ‍ॅक्सल, बेअरिंग, टायर यांची ताकदही पाट्याने तसूभर वाढत नाही.

आता दोन टनांपर्यंतची पिकअप कंपनीच देते, पाट्यांपासून ब्रेकपर्यंत सगळे त्या वजनाला जुळवलेले. तिलाही हेल्पर चढवून घेणारे आहेत, कारण भाडे पोत्यावर आणि क्रेटवर ठरते.