चिपळी वाजण्याआधीचा आवाज

सीडीवर एका सेकंदाच्या गाण्यासाठी ४४,१०० नमुने, म्हणजे आवाजाची क्षणाक्षणाला घेतलेली मापं, साठवलेले असतात, प्रत्येक १६ बिटांचा, तेही डाव्या-उजव्या दोन्ही बाजूंसाठी. हिशेब होतो सेकंदाला सुमारे १,४११ किलोबिटांचा. तेच गाणं १२८ किलोबिटांच्या एमपी३मध्ये बसवायचं, तर अकरातले दहा भाग टाकावे लागतात. इतकं टाकूनही गाणं गाणंच राहतं, हे मला आजही विलक्षण वाटतं.

टाकायचं काय, हे कानाच्या स्वभावावरून ठरतं. ढोल-ताशा पथक समोरून जात असताना शेजारच्याचं बोलणं ऐकू येत नाही. मोठा आवाज लहान आवाजाला झाकतो. जो झाकला जाणार, तो नेमकेपणाने साठवायचा कशाला? जर्मनीत एर्लांगेनच्या फ्राउनहोफर संस्थेत कार्लहाइन्त्स ब्रांडेनबुर्ग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या तत्त्वावर काम केलं. त्यांची परीक्षा पाहिली ती गायिका सुझान वेगा यांच्या 'टॉम्स डायनर' या गाण्याने. त्यात वाद्यं नाहीत, नुसता गळा. माहिती टाकल्याने येणारी खरखर लपायला आडोसाच नव्हता.

दुसरी अवघड परीक्षा कॅस्टनेटची. आपल्या चिपळ्यांसारखंच हे हातात धरून वाजवायचं लाकडी वाद्य. एमपी३ आवाजाचे तुकडे करून काम करतं. नेहमीचा तुकडा ५७६ नमुन्यांचा, म्हणजे साधारण १३ मिलिसेकंदांचा. आकडे ढोबळ करून साठवल्याने येणारी ही खरखर तुकडाभर पसरते. ठोका तुकड्याच्या शेवटी पडला, तर ती ठोक्याच्या आधीच ऐकू येते. ठोक्यानंतरची खरखर कान शंभरेक मिलिसेकंद पोटात घालतो, आधीची मात्र जेमतेम काही मिलिसेकंद. म्हणून अशा जागी एमपी३ तुकडे आखूड करतं. तरी कमी बिटरेटला, म्हणजे सेकंदाला कमी बिट वापरले की, तबल्याची कडक 'ना' बोथट होऊ शकते, टाळ्यांचा कडकडाट पाण्यासारखा खळखळू शकतो.

३२० किलोबिटांच्या एमपी३त आणि मूळ सीडीत मात्र बहुतेक गाण्यांत बहुतेकांना फरक सांगता येत नाही. कोणी ठामपणे 'मला कळतो' म्हणालं, तर वाद घालू नये, चाचणी घ्यावी. एकाच मूळ फाइलवरून दोन्ही आवृत्त्या करायच्या आणि त्यांच्या आवाजाची पातळी सारखी ठेवायची, कारण किंचित मोठा आवाज कानाला उगाच 'चांगला' वाटतो. मग कोणती वाजतेय ते न सांगता सोळा वेळा ओळखायला लावायचं. नुसत्या अंदाजाने बारा किंवा जास्त बरोबर येण्याची शक्यता शंभरात चारच्या आत आहे. आठ-नऊ बरोबर आले, तर तेवढे नाणं उडवूनही येतात.