ज्वालामुखी बेटांच्या किनाऱ्याखालचे खडकथर

ज्वालामुखीतून वर आलेल्या बेटाच्या किनाऱ्यावर जमिनीखाली कुठले खडक कुठल्या क्रमाने आहेत, त्यातून पाणी कसं फिरतं आणि त्यावरून बेट कसं वाढलं नि कसं खचलं, हे शोधणारा अभ्यास. बोअर मारून कोअर (खडकाचा सलग दंडगोल नमुना) काढणं, खडकाचा विद्युतरोध मोजणं, भूकंपलहरी सोडून बघणं या पद्धती नेहमीच्याच. बेटावर अडचण अशी की थर सलग नसतात, लाव्हाची जीभ मध्येच संपते आणि शेजारच्या बोअरमध्ये तीच लागेल असं नाही, त्यामुळे खोलवरच्या अखंड कोअरला फार किंमत.

असा सगळ्यात चांगला कोअर हवाई बेटावर हिलोच्या किनाऱ्यावरचा. १९९३ चा पहिला बोअर १,०५६ मीटर, १९९९ चा दुसरा ३,०९८ मीटर आणि तोच पुढे साधारण साडेतीन किलोमीटरपर्यंत नेला. दुसऱ्या बोअरमध्ये वरचे अडीचशे मीटर मौना लोआ ज्वालामुखीचा लाव्हा आणि त्याच्याखाली शेवटपर्यंत शेजारच्या मौना केआ ज्वालामुखीचा. आता खरी गोष्ट ही की समुद्रसपाटीखाली १,०७९ मीटरपर्यंत सापडलेला लाव्हा उघड्या हवेत थिजलेला आहे. हातात घेतलं तर दिसतं, दोन प्रवाहांच्या मध्ये भाजून लाल झालेली खडबडीत भुसभुशीत खडी, कुठे मातीचा नाहीतर राखेचा पातळ पट्टा. त्याच्याखाली एकदम काळ्या काचेचे तुकडे आणि वाळू, म्हणजे तापलेला लाव्हा पाण्यात शिरून फुटला त्याचा चुरा (हायलोक्लास्टाइट), आणि आणखी खाली उशांसारखा गोलसर पिलो लाव्हा. म्हणजे एकेकाळी कोरडा असलेला किनारा आज किलोमीटरभर खाली बुडालाय, बेटाच्या स्वतःच्याच वजनाने. खचण्याचा वेग वर्षाला अडीच मिलिमीटरच्या आसपास धरतात.

काचेतला गंधक इथे फार उपयोगी पडतो. हवेत बाहेर पडलेल्या लाव्हातला गंधक उडून जातो, खोल पाण्याच्या दाबाखाली तो काचेतच अडकून राहतो. त्यामुळे पाण्यात फुटलेला तुकडासुद्धा मूळ जमिनीवरून वाहत आला की खालीच बाहेर पडला, ते कळतं. वय सांगणं मात्र कठीण, कारण या बेसाल्टमध्ये पोटॅशियम कमी आणि त्यापासून बनणाऱ्या आर्गॉनवरून वय काढण्याच्या पद्धतीत चूक मोठी येते, म्हणून तळाच्या खडकांचं वय सहा-सात लाख वर्षं हे ढोबळच मानावं.

गोड्या पाण्याबद्दल जुना नियम असा की ते खाऱ्या पाण्यावर भिंगासारखं तरंगतं, सपाटीच्या वर एक मीटर असेल तर खाली साधारण चाळीस. नाव गायबेन (१८८८-८९) आणि हर्झबर्ग (१९०१) यांचं, पण जोसेफ द्यू कोम्यूं यांनी १८२८ मध्येच ही समतोलाची कल्पना मांडली होती, आणि श्रेय त्यांना देणं जास्त न्याय्य वाटतं. हवाईच्या ओआहू बेटावर १८७९ मध्ये एवा इथे पहिला आर्टेशियन बोअर (ज्यात दाबाने पाणी आपोआप वर येतं) लागला. तिथे किनाऱ्यावरच्या प्रवाळ नि गाळाच्या थराने बेसाल्टमधलं पाणी दाबून धरलेलं असतं. पण हिलोला तर खाऱ्या पाण्याच्याही खाली गोडं पाणी लागलं, त्यामुळे एकच साधं भिंग सगळीकडे चालत नाही हे पक्कं झालं. दोन ज्वालामुखींच्या मधल्या माती-राखेच्या थराने ते अडवलं असावं, हे स्पष्टीकरण सगळ्यात पटण्यासारखं. हवाईच्याच पश्चिम किनाऱ्याजवळ विद्युतचुंबकीय मोजणीतून समुद्रतळाखाली गोड्या पाण्याचे थर असल्याचं २०२० मध्ये प्रसिद्ध झालं, पण ते मॉडेलवरून काढलेलं आहे, बोअरवरून नाही, हा फरक विसरू नये.

आइसलँडजवळचं सर्ट्सी बेट १९६३ ते १९६७ मधल्या उद्रेकातून आपल्या डोळ्यांदेखत झालं. १९७९ चा बोअर १८१ मीटरचा, आणि एवढ्या थोड्या वर्षांत राखेचा घट्ट तपकिरी खडक झालेला निघाला, राखेतल्या काचेचं पॅलागोनाइट (काच पाण्याने बदलून होणारा तपकिरी पदार्थ) होऊन. पुढच्या वर्षी बोअरमध्ये १४१ अंश सेल्सिअसपर्यंत तापमान मोजलं गेलं. उद्रेकाने जुन्या समुद्रतळात खोल खड्डा पाडला की राख नुसती वर साचली, यावर दोन मतं होती, म्हणून २०१७ मध्ये पुन्हा बोअर मारले, त्यातला एक मुद्दाम तिरका.