फोनच्या पाठीवर इतकी भिंगे आली कुठून?

सप्टेंबर 2019 मध्ये आयफोन 11 प्रो जाहीर झाला आणि त्याच्या वेगापेक्षा, पडद्यापेक्षा जास्त बोलणे झाले ते त्याच्या पाठीवर. चौकोनी उंचवटा आणि त्यात त्रिकोणात बसवलेली तीन मोठी भिंगे. कोणी त्याला गॅसची शेगडी म्हटले, कोणाला नारळाचे तीन डोळे आठवले. 99,900 रुपयांपासून सुरू होणाऱ्या फोनची पाठ अशी ओबडधोबड का, असे लोक रागाने विचारत होते. काहींची तक्रार याहून खोल होती. ती भोके पाहून अंगावर शहारे येतात, फोनकडे बघवत नाही, असे ते सांगत होते. एसेक्स विद्यापीठातल्या जेफ कोल आणि अर्नल्ड विल्किन्स यांनी 2013 मध्ये या शिसारीचा अभ्यास प्रसिद्ध केला होता. एकमेकांजवळच्या छिद्रांच्या चित्रांत उजेड-अंधाराची जी विशिष्ट रचना असते, तशीच ती काही विषारी प्राण्यांच्या अंगावरच्या नक्षीतही सापडते, असे त्यांचे म्हणणे होते. म्हणजे ही तक्रार करणाऱ्यांना नाटकी म्हणून झटकून टाकणे बरोबर नव्हते.

बडोद्यात मात्र त्याच काळात उलटे वारे वाहत होते. रावपुऱ्यात मरीमाता खांच्यातल्या मोबाइलच्या दुकानांत किंवा दांडिया बाजारात कोणाच्या घरी नवा फोन आला की पहिला प्रश्न एकच असायचा, "किती कॅमेरे?" चार म्हटले की फोन भारी, एक म्हटले की जुना. घरातली मुले आजोबांना समजावून सांगायची, "आजोबा, ह्यात चार आहेत, तुमच्यात एकच." एकीकडे भिंगांची किळस आणि दुसरीकडे भिंगांची मोजदाद, हे दोन्ही एकाच वर्षात कसे घडले, हे समजायला थोडे मागे जावे लागते, आणि फोनच्याही आधीपासून सुरुवात करावी लागते.

कॅमेऱ्याला एकच डोळा असतो ही समजूतच मुळात अलीकडची. चार्ल्स व्हीटस्टोन या इंग्लिश शास्त्रज्ञाने 1838 मध्ये दाखवून दिले की दोन डोळ्यांना किंचित वेगळी चित्रे दाखवली तर मेंदू त्यातून खोली, म्हणजे काय जवळ आणि काय लांब याची जाणीव, उभी करतो. छायाचित्रणाची कला रुजली तशी दोन भिंगांचे स्टिरिओ कॅमेरे आले. 1854 मध्ये पॅरिसचा छायाचित्रकार दिस्देरी याने एकाच काचेवर अनेक छोटी छायाचित्रे घेण्याच्या पद्धतीचे पेटंट घेतले, आणि त्या व्हिजिटिंग कार्डाएवढ्या फोटोंसाठी चार-चार भिंगांचे कॅमेरे स्टुडिओत उभे राहिले. पुढे जर्मनीत ब्राउनश्वाइगच्या फ्रांके आणि हाइडेके या कंपनीने सुरुवातच तीन भिंगांच्या स्टिरिओ कॅमेऱ्याने केली: दोन फोटो घेणारी, मधले बघण्यासाठी. त्यातले एक घेणारे भिंग काढून टाकून उरलेली दोन एकावर एक ठेवली, आणि 1929 मध्ये रोलायफ्लेक्स तयार झाला.

हा कॅमेरा बडोद्याला परका नाही. भारताच्या पहिल्या महिला वृत्तछायाचित्रकार होमाई व्यारावाला यांच्या कॅमेऱ्यांत रोलायफ्लेक्स होता. दिल्लीतले काम थांबवल्यानंतरच्या काळात त्या इथे राहायला आल्या, आणि 2012 मध्ये इथेच वारल्या. रोलायफ्लेक्स मला आजही देखणा वाटतो. वरच्या भिंगातून छायाचित्रकार वर्तमान बघतो, खालचे भिंग ते फिल्मवर उतरवते. दोन गोल, दोन कामे, आणि त्या कामांतूनच त्याचा चेहरा घडलेला. एकही गोल शोभेचा नाही. सयाजीराव महाराजांनी 1890 मध्ये इथे कलाभवन ही तंत्रशिक्षणाची संस्था काढली, दादासाहेब फाळके तिथे शिकले आणि त्याच सुमारास कॅमेरा हाताळू लागले. यंत्राचा कुठला भाग कशासाठी, हे विचारायची सवय या गावात जुनी आहे. फोनच्या पाठीलाही तोच प्रश्न विचारावा, एवढेच माझे म्हणणे.

आता फोन. सुरुवातीच्या फोनमध्ये एक बारीकसे भिंग कोपऱ्यात लपलेले असायचे आणि ते दिसण्याचा मुद्दाच कुणी काढत नसे. अडचण फोन बारीक होऊ लागले तेव्हा आली. भिंगातून जितके दृश्य दिसायला हवे ते ठरवले, की सेन्सर, म्हणजे भिंगामागची प्रकाश टिपणारी चिप, जितका मोठा तितके भिंग सेन्सरपासून लांब ठेवावे लागते. एक इंच म्हणवल्या जाणाऱ्या सेन्सरचा कर्ण सुमारे 16 मिलिमीटर असतो. त्यावर नेहमीचा रुंद फोटो घ्यायचा तर फोकल लेंथ, म्हणजे ढोबळमानाने भिंग आणि सेन्सर यांतले अंतर, 9 मिलिमीटरच्या आसपास जाते. आठ-नऊ मिलिमीटर जाडीच्या फोनमध्ये पडदा, बॅटरी, पाठीची काच हे सगळे आधीच बसलेले असते. मग भिंग बाहेर येणारच. 2012 च्या नोकिया 808 प्युअरव्ह्यूने हे उघड मान्य केले. 41 मेगापिक्सेलचा मोठा सेन्सर, एरवी 13.9 मिलिमीटर जाड फोन आणि कॅमेऱ्यापाशी जवळजवळ 18. पुढच्या वर्षीच्या लुमिया 1020 च्या पाठीवर मोठी काळी गोल तबकडीच होती. ज्यांना फोटोची आवड होती त्यांना ती भावली, बाकीच्यांना फोनवर टेंगूळ आल्यासारखे वाटले. 2014 मध्ये आयफोन 6 अवघ्या 6.9 मिलिमीटरचा झाला आणि त्याचे भिंग थोडेसे वर आले, तेव्हा हा वाद घराघरांत पोहोचला. फोन टेबलावर ठेवला की डुगडुगतो, ही तक्रार तेव्हापासूनची.

एकाऐवजी अनेक भिंगे का लागली, याचेही उत्तर याच जाडीत आहे. झूमचे भिंग पुढेमागे सरकते, त्याला जागा लागते. सॅमसंगने 2013 मध्ये गॅलॅक्सी एस4 झूम काढून पाहिला. पुढून फोन, मागून कॅमेरा, आणि खिशात मावेना. म्हणून सरकणाऱ्या एका भिंगाऐवजी न हलणारी दोन-तीन भिंगे शेजारी बसवायची आणि गरजेप्रमाणे एकावरून दुसऱ्यावर जायचे, असा मार्ग निघाला.

त्याआधीचा एक प्रयत्न लोक विसरले आहेत. 2011 मध्ये एलजी ऑप्टिमस थ्रीडी आणि एचटीसी ईव्हो थ्रीडी या फोनांच्या पाठीवर पाच-पाच मेगापिक्सेलचे दोन कॅमेरे होते, व्हीटस्टोनच्या कल्पनेचाच नवा अवतार. चष्म्याशिवाय थ्रीडी दाखवणारा पडदा थोड्याच वेळात डोळ्यांना शिणवू लागे. ती लाट विरली. 2014 च्या एचटीसी वन एम8 मध्ये दुसरे भिंग परतले ते खोली मोजायला, मागची पार्श्वभूमी धूसर करता यावी म्हणून.

2016 हे वर्ष माझ्या मते या इतिहासातले सर्वांत कसदार. एकाच प्रश्नाला तीन कंपन्यांनी तीन प्रामाणिक उत्तरे दिली. एलजी जी5 ने दुसरे भिंग 135 अंशांचे, फार रुंद दिले. हुआवे पी9 ने लायका या जर्मन कॅमेरा कंपनीबरोबर दुसरा सेन्सर कृष्णधवल दिला. रंगीत सेन्सरवरची गाळणी बराच प्रकाश अडवते, कृष्णधवल सेन्सरला ती नसते, म्हणून दोन्ही चित्रे जुळवली की तपशील वाढतो. आयफोन 7 प्लसने दुसरे भिंग जुन्या फिल्म कॅमेऱ्यांच्या मापात 56 मिलिमीटरच्या तोडीचे, माणसाचा चेहरा नीट येईल असे दिले. प्रत्येक भिंगाला स्वतःचे काम होते.

मला यातले रुंद भिंग सर्वांत उपयोगी वाटते, आणि त्याचे कारण बडोद्यातली घरे आहेत. जुन्या वाड्यातल्या माजघरात गौरी-गणपतीची आरास मांडली की समोर मागे सरकायला दोन पावलांची जागा नसते. नेहमीच्या भिंगात एक तर गौरी येतात नाहीतर माणसे. 13 मिलिमीटरच्या तोडीचे भिंग आरास, आजी, सुना आणि दारातला पोरगा या सगळ्यांना एका चौकटीत आणते. कडेला उभा असलेला थोडा ताणल्यासारखा दिसतो, ते चालते. ज्यांना हे भिंग कुरूप दिसते त्यांना मी हाच फोटो दाखवतो.

पुढे गाडी वेगाने धावली. मार्च 2018 मध्ये हुआवे पी20 प्रोने तीन भिंगे आणली, त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये सॅमसंगच्या गॅलॅक्सी ए9 ने चार. फेब्रुवारी 2019 मध्ये नोकिया 9 प्युअरव्ह्यूने पाच आणली, सगळी 12 मेगापिक्सेलची, दोन रंगीत, तीन कृष्णधवल, एका क्लिकला पाचही मिळून काम करणारी. फ्लॅश आणि खोली मोजणारा संवेदक धरून पाठीवर सात गोल. कल्पना धाडसी होती, पण चित्र तयार व्हायला फार वेळ लागे. त्याच वर्षी पी30 प्रोमध्ये पेरिस्कोप आला. लोलकाने प्रकाश काटकोनात वळवून भिंगे फोनच्या आत आडवी ठेवली आणि पाचपट जवळ नेले. बाहेरून फक्त एक चौकोनी खिडकी दिसते. गोलांच्या रांगेतला तो चौकोन अनेकांना खटकला, मला मात्र तो आतली युक्ती सांगणारा वाटतो.

आणि इथेच मोजदाद सुरू झाली. ऑगस्ट 2019 मध्ये रिअलमी 5 भारतात 9,999 रुपयांपासून आला, चार कॅमेरे घेऊन: 12, 8, 2 आणि 2 मेगापिक्सेल. शेवटचे दोन मॅक्रो, म्हणजे अगदी जवळून घ्यायच्या फोटोंसाठी, आणि खोलीसाठी. दहा हजारांत चार हा आकडा इतका बोलका होता की बाकीच्या कंपन्याही त्याच वाटेने गेल्या. 2 मेगापिक्सेलच्या मॅक्रोने जास्वंदीचा फोटो घेतला तर परागकण दिसायच्या आधी चित्रच विरघळते. मुख्य कॅमेऱ्याने थोडे लांबून घेऊन कापलेला फोटो बहुधा त्याहून चांगला येतो. खोलीच्या भिंगाचेही तेच. गूगलने 2017 मध्येच पिक्सेल 2 च्या एकाच मागच्या कॅमेऱ्यातून, सेन्सरच्या प्रत्येक बिंदूचे दोन भाग करून आणि गणिताच्या जोरावर, पार्श्वभूमी धूसर करून दाखवली होती. मग ते भिंग मुख्यतः मोजण्यापुरतेच उरले. पहिला फोन हप्त्यावर घेणाऱ्या मुलाला हे कोणी सांगितले नाही, याचा मला खरोखर राग येतो. त्याने चार भिंगांचे पैसे मोजले आणि कामाची दोन मिळाली.

दिसण्याचा वाद मग मांडणीकडे वळला. वनप्लस 7टी ने सगळे एका मोठ्या गोलात बसवले. पिक्सेल 6 ने 2021 मध्ये पाठीवर आडवी पट्टी टाकली, आणि तिचा एक फायदा लगेच कळतो, फोन टेबलावर डुगडुगत नाही. गॅलॅक्सी एस21 मध्ये उंचवटा कडेच्या धातूतच मिसळला, तर पुढच्या एस22 अल्ट्रामध्ये उंचवटाच काढून प्रत्येक भिंग सुटे ठेवले. 2022 च्या नथिंग फोन वनने मोजदादीकडे पाठ फिरवून 50 मेगापिक्सेलची दोनच भिंगे दिली. मला विचाराल तर पट्टी सर्वांत चांगली. भिंगे बाहेर यायचीच असतील तर ती लपवायचा आव आणू नये.

मांडणीला कधीकधी कामाचेही कारण असते, हे आयफोन 16 ने दाखवले. आयफोन 13 ला तिरपी बसवलेली दोन भिंगे 2024 मध्ये पुन्हा एकाखाली एक आली. फोन आडवा धरला की ती आता माणसाच्या डोळ्यांसारखी शेजारी येतात, आणि खोलीचा आभास देणारा व्हिडिओ घेता येतो. डोळ्यांतल्या साडेसहा सेंटीमीटरच्या मानाने भिंगांतले अंतर फार थोडे, त्यामुळे लांबची खोली सपाट वाटते. तरी स्टिरिओ कॅमेऱ्याची जुनी गरज पुन्हा फोनची पाठ ठरवू लागली. 2025 मध्ये एकाच कंपनीने एकाच दिवशी दोन टोके दाखवली. आयफोन 17 प्रोच्या पाठीवर या कडेपासून त्या कडेपर्यंत पठार, आणि 5.6 मिलिमीटरच्या आयफोन एअरवर एकच भिंग.

स्वस्त फोनांत मात्र नवी लबाडी आली आहे. 2 मेगापिक्सेलची भिंगे कमी होत गेली, पण पाठीवरचे मोठे गोल तसेच राहिले. एका गोलात खरे भिंग, दुसऱ्या तशाच गोलात नुसता फ्लॅश. लांबून पाहणाऱ्याला ते कॅमेरेच वाटतात. फोनच्या पेटीवर एकूण मेगापिक्सेल मोठ्या अक्षरांत छापतात, तिथेच प्रत्येक भिंगाखालच्या सेन्सरचा आकार आणि त्या भिंगाचे काम छापणे बंधनकारक व्हायला हवे.