सेल्फ फिरतो, पण इंजिन पकडत नाही

टोचन करून आणलेल्या गाडीसोबत बहुतेक वेळा एक निदानही येतं : "सेन्सर गेलाय, बदलून टाका." कधी ते ओळखीच्या कुणी केलेलं असतं, कधी मोबाईलला जोडलेल्या छोट्या स्कॅनरने. ते बरोबर असूही शकतं. पण सेन्सर बदलूनही गाडी जागची हलली नाही, तर तो पार्ट तुमच्या गळ्यात पडतो. एकदा बसवलेला इलेक्ट्रिकल पार्ट सहसा कोणी परत घेत नाही. म्हणून आम्ही आधी मोजतो, मग पार्ट मागवतो. त्या मोजणीत काय होतं आणि तिचे पैसे वेगळे का लावतो, ते या पत्रकात लिहिलं आहे.

आधी सांगा, चावी फिरवल्यावर काय होतं

फोनवर आमचा पहिला प्रश्न हाच असतो. नुसता 'टक' आवाज येत असेल किंवा सेल्फ कण्हत फिरत असेल, तर तो विषय बॅटरीचा, टर्मिनलचा किंवा स्टार्टरचा. सेन्सर तिथे येतच नाही. सेल्फ दणक्यात फिरतोय, पण इंजिन पकडत नाही, अशी गाडी असेल तर पुढचं वाचा.

तरीही बॅटरी आम्ही आधी बघतोच. उभ्या गाडीत पूर्ण चार्ज बॅटरी १२.६ व्होल्टच्या आसपास दाखवते, १२.२ म्हणजे साधारण निम्मी. सेल्फ मारताना व्होल्टेज ९.६ च्या खाली जायला नको. याचं कारण फक्त स्टार्टर नाही. इंजिनाचं फिरणं टिपणारा दोन वायरचा चुंबकीय क्रँक सेन्सर (त्याच्याबद्दल पुढे) स्वतःच वीज तयार करतो, आणि इंजिन जितकं हळू फिरेल तितका त्याचा सिग्नल क्षीण होतो. त्यामुळे मरगळलेली बॅटरी धडधाकट सेन्सरवर आळ आणू शकते. असे कोड, म्हणजे गाडीच्या कॉम्प्युटरने नोंदवलेले दोषाचे क्रमांक, आम्ही पाहिले आहेत. बॅटरी बदलली आणि कोड परत आला नाही.

चावीच्या चित्राचा किंवा कुलपाचा दिवा सेल्फ मारताना लुकलुकत असेल, तर इमोबिलायझर (चोरी रोखणारी यंत्रणा) चावी ओळखत नाहीये. दुसरी चावी असेल तर ती लावून बघा. पेट्रोल गाडीत चावी ऑन केल्यावर मागच्या सीटखालून एक-दोन सेकंद पंपाची घूं ऐकू येते. ती बंद झाली असेल तर तेही सांगा. आणि टाकीत इंधन आहे ना, हे विचारायला आम्हालाच अवघड वाटतं, पण विचारतो. काटा अडकलेल्या गाड्या येतात.

गाडी खरोखर अडवणारे सेन्सर

इंजिनावर सेन्सर खंडीभर असतात, पण गाडी सुरूच होऊ न देणारे थोडे.

पहिला मान क्रँक सेन्सरचा. फ्लायव्हीलजवळ किंवा पुढच्या पुलीजवळ, दात असलेल्या एका चकतीसमोर तो बसलेला असतो. बऱ्याच गाड्यांत ही चकती ६० दातांच्या मापाची असते, पण त्यातले दोन दात मुद्दाम गाळलेले असतात. म्हणजे ५८ दात आणि एक रिकामी जागा. प्रत्येक दात म्हणजे ६ अंश. ती रिकामी जागा समोरून गेली की इंजिन कुठल्या स्थितीत आहे हे ईसीयूला, म्हणजे इंजिन चालवणाऱ्या कॉम्प्युटरला, कळतं, आणि त्या हिशेबाने तो स्पार्क आणि इंधन सोडतो. हा सिग्नल आला नाही तर ईसीयूच्या लेखी इंजिन फिरतच नाहीये. मग तो इंधनही देत नाही आणि ठिणगीही.

हा सेन्सर अनेकदा एकदम मरत नाही. आतली तार गरम झाली की तुटते, गार झाली की पुन्हा टेकते. गाडी चालता चालता झटकन बंद पडते, अर्धा तास उभी राहिली की काही झालंच नाही अशी सुरू होते आणि गॅरेजच्या दारात तर हमखास सुरू होते. तुमची तक्रार अशी असेल तर संकोच करू नका, आम्ही तुम्हाला खोटं ठरवत नाही. आम्ही सेन्सरला हीट गनने हळूहळू तापवतो आणि स्क्रीनवर सिग्नल कधी तुटतो ते बघतो.

तपासणीची सोपी पायरी अशी : स्कॅनर लावून लाइव्ह डेटा उघडायचा आणि सेल्फ मारताना आरपीएमचा, म्हणजे इंजिनाच्या मिनिटाला होणाऱ्या फेऱ्यांचा, आकडा बघायचा. १५० ते २५० च्या दरम्यान काही दिसलं, तर क्रँक सेन्सर बोलतोय. दोष दुसरीकडे शोधायचा. इंजिन फिरतंय आणि आकडा शून्यावर अडलाय, तर सिग्नल ईसीयूपर्यंत पोहोचत नाहीये. का पोहोचत नाही, हा पुढचा प्रश्न, आणि खरा वेळ तिथे जातो.

कॅम सेन्सर त्याचा धाकटा भाऊ, व्हॉल्व्ह उघडणाऱ्या कॅमच्या दांड्याची स्थिती सांगणारा. तो गेला तरी बऱ्याच गाड्या जरा जास्त सेल्फ खाऊन सुरू होतात. काही मात्र हटून बसतात. इथे एक सावधानता. पी ००१६ हा कोड क्रँक आणि कॅमचा मेळ बसत नाही असं सांगतो. ताणलेली टायमिंग चेन किंवा दात सुटलेला बेल्ट असला तरी हाच कोड येतो. अशा गाडीत दोन्ही सेन्सर नवे घातले तरी उपयोग शून्य, आणि वर सेल्फ मारत राहिलात तर व्हॉल्व्ह वाकण्याची भीती.

कूलंटचं तापमान सांगणारा सेन्सर वेगळ्या तऱ्हेने त्रास देतो. तापमान वाढलं की त्याचा रेझिस्टन्स उतरतो : २० अंशांना साधारण अडीच हजार ओहम, इंजिन पूर्ण तापलं की तीनशेच्या आसपास. गाडीप्रमाणे आकडे थोडे इकडेतिकडे. वायर तुटली तर स्कॅनरवर उणे ४० अंश दिसतं आणि कोड लागतो, शोधणं सोपं. पण तापलेलं इंजिन ५ अंशांवर आहे असं तो सांगू लागला, तर कोड न लागताही ईसीयू थंडीतल्यासारखं भरमसाट पेट्रोल ओततो, प्लग ओले होतात आणि गाडी फ्लड होते. पूर्ण मेलेला सेन्सर परवडला, हा नको. म्हणून रात्रभर उभ्या गाडीत आम्ही सकाळी कूलंटचं आणि आत येणाऱ्या हवेचं तापमान शेजारी शेजारी ठेवून बघतो. दोन्ही जवळपास सारखी हवीत.

कॉमन रेल डिझेल (सगळ्या इंजेक्टरना एकाच नळीतून, म्हणजे रेलमधून, दाबाखाली डिझेल मिळतं ते इंजिन) असेल तर रेल प्रेशर सेन्सर. सेल्फ मारताना रेलमध्ये साधारण २०० बार किंवा अधिक दाब तयार झाल्याशिवाय ईसीयू इंजेक्टर उघडत नाही. दाब खरंच नाहीये की सेन्सर तो कमी सांगतोय, हे आधी ठरवावं लागतं. रात्रभर उभ्या गाडीत चावी ऑन केल्यावर आकडा शून्याजवळच हवा. तो शेकड्यात असेल तर संशय सेन्सरवर किंवा त्याच्या वायरवर. शून्याजवळ असून सेल्फ मारताना चढतच नसेल, तर फिल्टर, पंप, इंजेक्टरची गळती हे सगळं आलं.

ऑक्सिजन सेन्सर किंवा नॉक सेन्सर खराब झाल्याने गाडी सुरूच होत नाही असं कोणी सांगितलं, तर पैसे देण्याआधी आम्हाला एक फोन करा.

कोड म्हणजे निकाल नाही

पी ०३३५ हा कोड 'क्रँक सेन्सर खराब' असं म्हणत नाही. तो म्हणतो, 'क्रँक सेन्सरच्या सर्किटमध्ये गडबड'. सर्किट म्हणजे सेन्सर, त्याचा कपलर (वायर जोडणारा प्लग), ईसीयूपर्यंतच्या वायरी, अर्थिंग, आणि क्वचित ईसीयूही.

मागे एक गाडी आली होती. क्रँक सेन्सर दोनदा बदललेला, कोड तोच. कपलर काढून सेन्सरचा रेझिस्टन्स मोजला, बरोबर. ईसीयूच्या टोकाकडून वायरीसकट मोजला, तोही बरोबर. मग एकाने सेल्फ मारायचा आणि दुसऱ्याने बेल्टपासून दूर राहून हार्नेस (वायरींची जुडी) वीतवीत हलवत जायचं, असं सुरू केलं. स्टार्टरजवळच्या एका ब्रॅकेटपाशी हात गेला आणि स्क्रीनवरचा शून्य एकदम २१० झाला. टेप सोडली. आत वायरीचं वेष्टण घासून तांबं उघडं पडलेलं. सेल्फ मारला की इंजिन एका अंगाला झुकायचं आणि तांबं ब्रॅकेटला टेकायचं. उभ्या इंजिनात मोजलं तर सगळं ठीकच दिसणार! शोधायला साडेतीन तास गेले, जोड देऊन वेष्टण चढवायला वीस मिनिटं. बिलावर पार्टच्या रकान्यात वेष्टणाचा एक तुकडा होता. काढून ठेवलेले दोन्ही जुने सेन्सर डिकीत होते. दोन्ही चांगले निघाले.

उंदरांनी कुरतडलेल्या वायरी, कपलरमध्ये शिरलेलं तेल, पिनेवर चढलेला हिरवा गंज, वाकून मागे सरकलेली पिन : असल्या गोष्टी नवा सेन्सर घातल्याने जात नाहीत. कधी कधी तर कपलर काढून पुन्हा लावल्याने गाडी सुरू होते आणि श्रेय नव्या सेन्सरला जातं. महिनाभराने गाडी पुन्हा उभी.

एकदम चार-पाच सेन्सरचे कोड आले तर घाबरू नका. अनेक सेन्सरना ईसीयू एकाच ५ व्होल्टच्या लाइनवरून पुरवठा करतो. त्यातला एक शॉर्ट झाला की सगळेच आडवे होतात. आम्ही एकेक कपलर काढत जातो. ज्याचा काढल्यावर ५ व्होल्ट परत आले, तो गुन्हेगार.

बदलताना

इंजिन थंड, बॅटरीची निगेटिव्ह काढलेली. क्रँक सेन्सरला बहुधा दहाच्या पान्याचा एकच बोल्ट असतो, पण तिथवर हात पोहोचवायला कधी स्टार्टर उतरवावा लागतो. जुना सेन्सर उष्णतेने फुगून भोकात चिकटलेला असतो. तो उचकटून काढला तर टोक आतच तुटतं, म्हणून डावी-उजवीकडे फिरवत सोडवायचा. टोकावर लोखंडाचा बारीक कीस चिकटलेला दिसला तर तोही तुम्हाला दाखवतो. थोडा असेल तर चालतं, जास्त असेल तर दातांची चकती तपासावी लागते. नव्या सेन्सरच्या ओ-रिंगला तेलाचं बोट लावून तो हातानेच पूर्ण आत बसला पाहिजे. बोल्ट आवळून ओढून घेतला तर सेन्सरचा बोल्टचा कान तुटतो किंवा दात आणि सेन्सर यांच्यातली फट बिघडते. ती जेमतेम एक मिलिमीटरच्या आसपास असते. काही गाड्यांत नंतर स्कॅनरने ईसीयूला नव्या सेन्सरची ओळख करून द्यावी लागते, नाहीतर चेक इंजिनचा दिवा जात नाही.

तापमानाचा सेन्सर बदलला तर थोडं कूलंट सांडतं. ते भरून सिस्टिममधली हवा काढावी लागते. हे काम घरी करणार असाल तर गरम इंजिनाचं कूलंटचं झाकण उघडू नका. चेहरा भाजतो.

पार्ट कंपनीचा घ्यावा की बाजारातला? क्रँक आणि कॅम सेन्सरच्या बाबतीत आम्ही गाडीच्या कंपनीचा, किंवा त्या कंपनीला जो पुरवठा करतो त्याचाच घालतो. दिसायला हुबेहूब असलेला स्वस्त सेन्सर गार इंजिनात चालतो आणि तापल्यावर पुन्हा तेच रडगाणं. तुम्ही स्वतः आणलेला पार्ट बसवून देऊ, पण त्याची हमी आम्ही घेणार नाही.

टोचन बोलावण्याआधी

सलग दहा सेकंदांपेक्षा जास्त सेल्फ मारू नका, मध्ये मिनिटभर थांबा. न जळलेलं पेट्रोल सायलेन्सरच्या वाटेवरच्या, धूर स्वच्छ करणाऱ्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये जाऊन साचतं, आणि तो सेन्सरपेक्षा कितीतरी महाग. पेट्रोलचा उग्र वास येत असेल तर अ‍ॅक्सिलरेटर तळापर्यंत दाबून पाच-सात सेकंद सेल्फ मारून बघा. बहुतेक इंजेक्शन गाड्यांत त्या वेळी ईसीयू इंधन बंद ठेवतो आणि ओले प्लग सुकतात. ऑटोमॅटिक गाडी धक्का मारून सुरू होत नाही, दम वाया घालवू नका.

आणि एक कळकळीची विनंती : कोड पुसून गाडी आणू नका, बॅटरी काढून 'रीसेट'ही करू नका. कोडसोबत त्या क्षणाचं तापमान, आरपीएम, वेग असा हिशेब ईसीयूत साठलेला असतो. तो गेला की आम्ही आंधळे. त्यापेक्षा इंजिन गार होतं की गरम, पाऊस पडला होता का, बॉनेट उघडून पाणी मारलं होतं का, नुकतं कुठलं काम झालं होतं, एवढं कागदावर लिहून आणा.

तपासणीचे पैसे आम्ही तासावर लावतो आणि ती सुरू करण्याआधी कमाल किती तास लागतील ते लिहून देतो. त्यापुढे जायची वेळ आली तर आधी फोन. पार्ट बदलायचा ठरला तर मोजलेले आकडे आणि स्क्रीनचा फोटो बिलासोबत मिळतो, जुना सेन्सर पिशवीत घालून परत मिळतो.

काम झाल्यावर इंजिन तापून पंखा दोनदा लागेपर्यंत चालवतो, बंद करून पंधरा मिनिटं ठेवतो आणि पुन्हा सेल्फ मारतो. असं तीनदा. म्हणून दुपारी तयार झालेली गाडी न्यायला आम्ही तुम्हाला संध्याकाळी बोलावतो.