नागपुरात पीएच.डी. करायची आहे? दाखल्यांच्या आधी मार्गदर्शक शोधा

नेट, म्हणजे प्राध्यापकपदासाठी आणि पीएच.डी. प्रवेशासाठी असलेल्या राष्ट्रीय पात्रता परीक्षेचा निकाल लागला की बहुतेक जण थेट सेतू केंद्राच्या रांगेत लागतात. माझं कळकळीचं सांगणं, आधी आपल्या विषयात कोणाकडे जागा रिकामी आहे ते पाहा. यूजीसीच्या (विद्यापीठ अनुदान आयोगाच्या) २०२२ च्या नियमांप्रमाणे प्राध्यापकाला एका वेळी ८, सहयोगी प्राध्यापकाला ६ आणि सहायक प्राध्यापकाला ४ विद्यार्थी घेता येतात. ज्यांच्या निवृत्तीला तीन वर्षंही उरलेली नाहीत, त्यांना नवा विद्यार्थी मिळत नाही. त्यामुळे नावाजलेले सर तयार असले तरी जागा असेलच असं नाही. नागपूर विद्यापीठाच्या अमरावती रोडवरच्या आपल्या विषयाच्या विभागात जाऊन प्रत्यक्ष भेटा, सोबत विषयाचं पानभर टिपण न्या. नुसतं ‘सर, गाइड व्हाल का?’ विचारण्यापेक्षा त्यावर बोलणं पुढे सरकतं.

पात्रता सरळ आहे. पदव्युत्तर पदवीला ५५ टक्के हवेत. अनुसूचित जाती-जमाती, नॉन-क्रीमी लेयर ओबीसी, दिव्यांग आणि ईडब्ल्यूएस उमेदवारांना ५ टक्के सवलत आहे. चार वर्षांची पदवी ७५ टक्क्यांनी मिळवली असेल तरी चालतं.

जून २०२४ पासून नेटचा निकाल तीन गटांत लागतो: जेआरएफ (संशोधनासाठी दरमहा मिळणारी फेलोशिप), सहायक प्राध्यापकपद आणि पीएच.डी. प्रवेश, आणि फक्त पीएच.डी. प्रवेश. जेआरएफवाल्यांचा प्रवेश मुलाखतीवर होतो. उरलेल्या दोन गटांत नेटच्या गुणांना ७० आणि मुलाखतीला ३० टक्के वजन असतं, आणि प्रवेशासाठी हे गुण एकच वर्ष चालतात. मार्गदर्शक शोधण्यात ते वर्ष निघून जाऊ देऊ नका.

गुणपत्रिका आणि पदवी प्रमाणपत्रं सगळ्यांकडे असतात. अडतं ते जात वैधता आणि नॉन-क्रीमी लेयरवर. नॉन-क्रीमी लेयरची मुदत ३१ मार्चला संपते, म्हणून आपल्या दाखल्यावरचं साल आजच तपासा. दुसऱ्या विद्यापीठातून येत असाल तर मायग्रेशन (आधीचं विद्यापीठ सोडल्याचं प्रमाणपत्र), नोकरी करत अर्धवेळ संशोधन करणार असाल तर कार्यालयाची ना-हरकत, आणि लग्नानंतर नाव बदललं असेल तर त्याचा पुरावा लागेल.

पैशांचं म्हणाल तर जेआरएफला १ जानेवारी २०२३ पासून महिना ३७,००० रुपये आहेत. ज्यांना ती मिळाली नाही त्यांनी प्रवर्गानुसार बार्टी (अनुसूचित जाती), सारथी (मराठा-कुणबी) किंवा महाज्योती (ओबीसी, भटके-विमुक्त) या राज्य शासनाच्या संस्थांच्या जाहिरातींवर लक्ष ठेवावं. महाज्योतीचं मुख्यालय तर नागपुरातच आहे. नोंदणीचं पत्र हाती पडलं की त्याच्या प्रती काढून ठेवा, फेलोशिपच्या अर्जाला तेच लागतं.

नागपुरातल्याच नीरी (पर्यावरण अभियांत्रिकी संशोधन संस्था) आणि व्हीएनआयटी (अभियांत्रिकी संस्था) यांच्या पीएच.डी.च्या जाहिराती स्वतंत्र निघतात, त्या वेगळ्या पाहाव्या लागतील.

संसार सांभाळून शिकणाऱ्या बहिणींसाठी एक गोष्ट मुद्दाम सांगते. पीएच.डी.ला कमाल सहा वर्षं आणि पुनर्नोंदणीची दोन मिळतात, पण महिलांना आणि ४० टक्क्यांहून अधिक दिव्यांगत्व असलेल्यांना त्यावर आणखी दोन वर्षं आहेत. शिवाय प्रसूती किंवा बालसंगोपनासाठी २४० दिवसांपर्यंत रजा घेता येते. ती लेखी अर्ज करूनच घ्या.